डेकवर पुन्हा पुन्हा पाणी साचतंय? स्कपर उघडण्याआधी मोजायची टेप काढा

स्कपर म्हणजे डेकवरचं पाणी बोटीबाहेर सोडणारं भोक. छोट्या बोटीच्या स्कपरची तक्रार बहुतेक वेळा एकाच क्रमाने येते. मागच्या कोपऱ्यात पाणी साचतं म्हणून स्कपर साफ केलं. चार दिवस बरे गेले, पुन्हा पाणी. मग झडपेचं रबर बदललं. पुन्हा काही दिवस बरं, आणि परत घोट्यापर्यंत पाणी. शेवटी माणूस वैतागून भोकांना आतून बुचं मारतो, आणि खरा धोका तिथून सुरू होतो.

एकदाच तुंबलेलं स्कपर हा कचऱ्याचा प्रश्न असतो. पुन्हा पुन्हा साचणारं पाणी हा बहुधा उंचीचा प्रश्न असतो. डेक बाहेरच्या पाण्याच्या जेवढा वर असायला हवा, तेवढा तो राहिलेला नसतो. स्कपरला पंप नसतो, मोटर नसते. पाणी वरून खाली जातं, एवढ्या एकाच गोष्टीवर ते चालतं. वर-खालीचा हा फरकच संपला, तर कितीही चांगली झडप लावा, ती फार तर पाणी आत यायचा वेग कमी करेल. म्हणून स्क्रूड्रायव्हर नंतर, आधी टेप.

पाणी नेमकं कधी दिसतं?

हे नीट पाहिलं तर निम्मं निदान तिथेच होतं. बोट चालताना डेक कोरडा आणि थांबली की मागच्या कोपऱ्यांत पाणी चढतं, असं असेल तर पाणी बाहेरून आत येतंय. चालताना बोटीची पुढची बाजू उचललेली असते आणि ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीच्या, मागे पाणी खाली दबलेलं असतं, त्यामुळे स्कपरचं तोंड हवेत मोकळं राहतं. वेग सोडला की मागून लाट येऊन ट्रान्समवर चढते, बोट सपाट होते आणि तीच तोंडं पाण्याखाली जातात. एकदम थ्रॉटल सोडल्यावर किंवा रिव्हर्स मारताना येणारा एखादा लोंढा कुठल्याही बोटीत येऊ शकतो. तो मिनिटभरात निघून जायला हवा. गेला नाही तर तपास करायचा.

याउलट पावसाचं किंवा धुतल्याचं पाणी डेकवर तसंच उभं राहत असेल आणि बाहेरून काही येत नसेल, तर अडथळा, अपुरं भोक किंवा चुकीचा ढाळ यांपैकी काहीतरी आहे. आणि तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. डेकवर पाणी राहतच नाही, पटकन गायब होतं, सगळे खूश. पण बिल्ज पंप (बोटीच्या तळात, म्हणजे बिल्जमध्ये साचलेलं पाणी उपसणारा) दर थोड्या वेळाने सुरू होतो. म्हणजे पाणी बोटीबाहेर जायच्या ऐवजी बोटीच्या पोटात जातंय. या तिन्हींची दुरुस्ती वेगवेगळी आहे. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की वेळ जातो आणि पाणी तसंच राहतं.

टेपने उंची कशी मोजायची

बोट पाण्यात, शांत जागी, नेहमीच्या सामानासह उभी करा. इंधन नेहमीइतकं, बर्फाची पेटी भरलेली, नांगर आणि दोर जागेवर. माणसं नेहमी बसतात तिथे बसलेली. रिकाम्या बोटीवर केलेलं माप इथे उपयोगाचं नाही.

आता स्कपरच्या शेजारी, बोटीच्या काठावर एक खूण करा. त्या खुणेपासून बाहेरच्या बाजूने सरळ खाली पाण्यापर्यंत अंतर मोजा. मग त्याच खुणेपासून आतल्या बाजूने खाली डेकपर्यंत मोजा. बाहेरचं माप 62 सेंटिमीटर आणि आतलं 57 आलं, तर डेक पाण्याच्या 5 सेंटिमीटर वर आहे. दोन्ही मापं सारखी आली तर डेक आणि समुद्र एकाच पातळीवर आहेत, आणि तुमचं स्कपर आता फक्त एक भोक उरलं आहे. आतलं माप जास्त आलं तर डेक पाण्याखाली आहे.

हे माप डावीकडे आणि उजवीकडे, दोन्ही बाजूंना घ्या. बॅटऱ्या एका बाजूला आणि चालवणारा माणूसही त्याच बाजूला, यामुळे बोट थोडी कललेली असणं अगदी नेहमीचं आहे. 2 मीटर रुंद बोट जेमतेम 2 अंश कलली तरी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत 7 सेंटिमीटरचा फरक पडतो. एकच स्कपर त्रास देतंय आणि दुसरं कधीच नाही, याचं कारण पुष्कळदा इतकंच असतं.

किती उंची पुरेशी? बोटीच्या घडणीवर ते अवलंबून आहे. शांत पाण्यात, पूर्ण सामानासह, मागच्या कोपऱ्यात चार-पाच सेंटिमीटरही मिळत नसतील तर मी पुढचं काहीही उघडण्याआधी वजनाकडे वळेन.

बोट किती बसली, आणि का

हिशेब सोपा आहे. 5.5 मीटर लांब आणि 2 मीटर रुंद पाणरेषेची बोट घ्या. पुढे ती निमुळती होते, म्हणून पाण्याच्या पातळीवरचं क्षेत्रफळ साधारण 8 चौरस मीटर धरू. अशी बोट 1 सेंटिमीटर आणखी खाली बसायला सुमारे 80 किलो लागतात. हे वजन बोटीच्या मध्यावर ठेवलं तर. तेच वजन अगदी मागे ठेवलं तर पुढची बाजू उचलते आणि मागची बाजू त्याच्या दुप्पट, तिप्पट किंवा त्याहूनही जास्त खाली जाते. म्हणजे ट्रान्समपाशी 100 किलो वाढले की स्कपरजवळची उंची सहज 3 ते 4 सेंटिमीटरने कमी होते. मूळ उंचीच 5 असेल तर उरलं काय?

हे 100 किलो एका दिवसात येत नाहीत, म्हणून लक्षात येत नाहीत. जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (ट्रान्समवर बाहेरून टांगलेलं इंजिन) काढून त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक बसवलं. ते बहुतेक वेळा वजनाने जास्त असतं. मग दुसरी बॅटरी आली. जिवंत मासे ठेवायची टाकी मागे बसली, ती भरल्यावर दर लिटरला एक किलो. जास्तीचा नांगर, साखळी, हत्यारांची पेटी, मागच्या कप्प्यात विसरलेले ओले दोर. प्रत्येक वस्तू आपल्या जागी गरजेची आहे, पण बोट बांधणाऱ्याने डेकची उंची ठरवली तेव्हा ही यादी त्याच्यासमोर नव्हती.

सोसतील तेवढ्या वस्तू पुढे सरकवा आणि तीच मापं पुन्हा घ्या. बॅटरी पुढे नेली तर केबल लांब होते आणि लांबलेली केबल जाड लागते. ते काम अंगावर येतं खरं, पण फरक लगेच दिसतो. बर्फाची पेटी आणि पाण्याचे कॅन हलवणं तर फुकटचं काम आहे. मात्र सगळंच पुढे नेऊ नका. पुढची बाजू खाली गेली की डेकचं पाणी पुढे धावेल आणि मागचं स्कपर कोरडं बसून राहील.

सामान सगळं काढलं तरी बोट जुन्या पाणरेषेपर्यंत वर येत नसेल, तर वजन बोटीच्या अंगात आहे. डेकच्या खाली भरलेला फोम बंद पेशींचा असला तरी वर्षानुवर्षं पाण्यात राहिला की पाणी धरतो. डेकखाली अशी जागा असेल तर तपासणीचं झाकण बसवून एक लांब, बारीक नमुना काढा आणि बोटांत दाबा. पाणी निथळलं तर तो फोम उन्हात वाळणार नाही. डेक उघडून तो काढावाच लागतो. बोट ट्रेलरवर असेल तर वजनकाट्यावर नेऊन आलेलं वजन बोटीच्या मूळ कागदांशी ताडून पाहणं हा त्याहून स्वच्छ पुरावा.

झडप: तिचं काम किती आणि कुठवर

स्कपरच्या बाहेरच्या तोंडावर दोन तऱ्हा प्रामुख्याने दिसतात. एक म्हणजे वरून टांगलेलं रबराचं पान, जे आतल्या पाण्याच्या दाबाने बाहेर उघडतं आणि बाहेरच्या लाटेने मिटतं. दुसरी चेंडूची झडप. तिच्यात आत एक हलका पोकळ चेंडू असतो, बाहेरून पाणी आलं की तो तरंगून वर जाऊन तोंड बंद करतो. दोन्हींचं काम लाटेचा धक्का अडवणं एवढंच. तोंड सतत पाण्याखाली राहिलं तर पानाची झडप झिरपणारच. ती त्यासाठी बनवलेलीच नाही.

रबराचं पान हातात घेऊन बघा. कडा बाहेरच्या बाजूला वळलेली आहे का? दुमडल्यावर बारीक भेगा दिसतात का? ऊन आणि इंधनाची वाफ लागून रबर कडक होतं आणि एकदा वळलं की पुन्हा बसत नाही. मग पान जिथे टेकतं त्या बसणीच्या जागेवरून हाताचं बोट फिरवा. गुळगुळीत कडेऐवजी खरखर लागली तर ते बार्नॅकलच्या (पाण्यातल्या वस्तूंना चिकटून वाढणाऱ्या बारीक जिवांच्या) कवचाचे पांढरे ठिपके आहेत. टाचणीच्या डोक्याएवढा एक ठिपकाही पानाला कायम दीड-दोन मिलिमीटर उघडं ठेवायला पुरतो. प्लास्टिकच्या पातीने ते खरवडा. लोखंडी पटाशीने बसणीलाच चरे पडतात आणि मग ती कायमची गळते. बिजागरीत अडकलेल्या तंगुसाचा एखादा केसासारखा तुकडा हेच करतो आणि तो पारदर्शक असल्याने नुसत्या नजरेला सापडत नाही. नखाने चाचपून काढावा लागतो.

बदली पान सव्वा ते दोन मिलिमीटर जाडीच्या निओप्रीनच्या किंवा ईपीडीएमच्या रबरी पत्र्यातून कापता येतं. जाड पत्रा मजबूत वाटतो, पण थोड्या पाण्याने तो उघडत नाही, आणि डेकवर नेहमी बोटभर पाणी उरतं. पातळ पान लवकर खराब होतं, तरी मी पातळच लावेन. बदलायला पाच मिनिटं लागतात.

चेंडूच्या झडपेत चेंडू आहे ना, हे आधी बघा. साफसफाईत तो निघून गेलेला असणं अजिबात दुर्मीळ नाही. असला तर बोटाने ढकलून मोकळा हलतो का, खवले किंवा वाळू अडकून एका जागी रुतला आहे का, ते पाहा. फिटिंग उलटं बसवलेलं असेल तर चेंडू खाली बसून बाहेर जाणारा रस्ताच बंद करतो. नव्या बसवलेल्या फिटिंगने पहिल्या दिवसापासून त्रास दिला तर हे आधी तपासा.

अडकणाऱ्या झडपेला मोठी जहाजंही गंभीरपणे घेतात. 1966 च्या आंतरराष्ट्रीय लोड लाइन करारात (जहाज किती खोल भरता येईल हे ठरवणाऱ्या) डेकवरचं पाणी सोडणाऱ्या मोठ्या झरोक्यांना झडपा लावायच्या असतील, तर त्या अडकणार नाहीत इतकी मोकळीक ठेवावी आणि बिजागरीच्या खिळ्या न गंजणाऱ्या धातूच्या असाव्यात, असं स्पष्ट लिहिलं आहे. डेकवर अडकलेल्या पाण्याने जहाज उलटू शकतं, म्हणून हा नियम आहे. छोट्या बोटीत पाणी कमी असलं तरी बोटही हलकी असते.

तुंबलेला पाइप

डेकवरच्या जाळीखाली पाणी थेट ट्रान्समबाहेर जात नसेल, मध्ये पाइप असेल, तर पाइपचा संपूर्ण रस्ता डोळ्यांनी बघा. त्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत खाली ढाळ हवा. मध्ये कुठे झोल पडला असेल तर त्या झोलात वाळू, खवले, चिखल बसतो. तुम्ही वरून पाणी मारून साफ करता, पाणी वाहताना दिसतं, आणि दोन आठवड्यांत पुन्हा तेच. दोष कचऱ्याचा नाही, झोलाचा आहे. एक आधारपट्टी लावून पाइप उचलला की प्रश्न मिटतो. आतून नालीदार असलेला स्वस्त बिल्ज पाइप इथे वापरू नये. त्याच्या प्रत्येक वळीत गाळ बसतो आणि त्याची भिंतही पातळ असते. आतून गुळगुळीत, तारेने मजबूत केलेला सागरी पाइप लावा.

दोन स्कपरचे पाइप टी जोडून एकाच बाहेरच्या फिटिंगला नेलेले असतील, तर दोन स्कपर असूनही बाहेर जायला भोक एकच आहे. शिवाय एका बाजूला बोट कलली की एकाचं पाणी दुसऱ्यातून डेकवर येतं. शक्य असेल तर दोघांना स्वतंत्र वाट द्या. शिडाच्या बोटींत मात्र डावं स्कपर उजवीकडे आणि उजवं डावीकडे असे फुलीसारखे पाइप मुद्दाम नेतात, कारण वाऱ्याने बोट बराच वेळ एका अंगावर कललेली असते. खालच्या बाजूला साचलेलं पाणी मग वरच्या बाजूच्या तोंडातून निघतं आणि बाहेरचं पाणी आत येत नाही. तुमच्या बोटीत अशी फुली दिसली तर ती सरळ करायला जाऊ नका.

साफ करताना लोखंडी सळई घालू नका. डेकखालच्या पाइपला छिद्र पडलं तर बाहेरून काहीच कळत नाही. बागेच्या पाइपने पाणी बाहेरून आत, म्हणजे वाहण्याच्या उलट दिशेने मारा; अडकलेला गोळा ज्या दिशेने घट्ट झाला त्याच दिशेने ढकलून तो निघत नाही. त्यासाठी झडपेचं पान आधी काढावं लागेल. कॉम्प्रेसरची हवा टाळलेली बरी, क्लॅम्पमधून पाइप निसटू शकतो. पाण्याच्या रेघेपाशी पाइपमध्ये बार्नॅकल वाढले असतील तर बोट बाहेर काढून पाइप सोडवूनच साफ करणं किंवा बदलणं शहाणपणाचं.

जाळीकडेही बघा. भोक 38 मिलिमीटरचं आणि वर बसवलेली जाळी अशी की तिची सगळी छिद्रं मिळून निम्मंही क्षेत्रफळ भरत नाही, असं बरेचदा असतं. मग तुमचं स्कपर 38 चं नाही, त्याहून बरंच लहान आहे. वर उंच घुमटासारखी जाळी असेल तर एखादं पान किंवा पिशवी पडली तरी बाजूने पाणी जातं. सपाट जाळी एका पिशवीने संपते.

भोक पुरेसं आहे का

डेक उंच आहे, पाइप साफ आहे, झडप हलते, तरी पाणी हळू जातं? मग आकाराचा हिशेब करा. उघड्या भोकातून पाणी किती जाईल हे भोकाच्या क्षेत्रफळावर आणि आतल्या-बाहेरच्या पातळीतल्या फरकावर ठरतं. फरक 10 सेंटिमीटर असेल तर 25 मिलिमीटरच्या एका भोकातून मिनिटाला साधारण 25 लिटर जातात, 38 मिलिमीटरच्या भोकातून 57, आणि 50 मिलिमीटरच्या भोकातून जवळपास 100. व्यास दुप्पट केला की पाणी चौपट. पातळीतला फरक चौपटीने कमी झाला तर मात्र पाणी निम्म्यावर येतं, म्हणजे मोठं भोक जितकं उपयोगी तितका शेवटचा थर हट्टी.

समजा 4 चौरस मीटरच्या कॉकपिटमध्ये, म्हणजे माणसं बसतात त्या खोलगट जागेत, 10 सेंटिमीटर पाणी भरलं. ते 400 लिटर, म्हणजे 400 किलोचं ओझं आहे, आणि ते बोट डोलेल तसं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला धावतं. डेक बाहेरच्या पाण्याच्या पातळीवरच असेल तर 25 मिलिमीटरची दोन भोकं हे पाणी सोडायला सोळा मिनिटं घेतील. 38 ची दोन सात मिनिटं, 50 ची दोन चार मिनिटं. हे सगळं जाळी आणि झडप नसताना. त्या असतील तर वेळ आणखी वाढतो. डेक जितका उंच, तितका हा वेळ झपाट्याने कमी होतो, कारण आतल्या पाण्याला बाहेर पडायला आणखी उतार मिळतो.

तुलनेसाठी एक नियम. वर्ल्ड सेलिंग या शिडाच्या शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, किनाऱ्यापासून दूरच्या (ऑफशोर) शर्यतींसाठीच्या सुरक्षा नियमांत 8.5 मीटरपेक्षा लहान बोटीला कॉकपिटसाठी किमान 25 मिलिमीटरची दोन मोकळी भोकं मागितली आहेत, आणि त्याहून मोठ्या बोटीला 20 मिलिमीटरची चार. "मोकळी" या अटीकडे लक्ष द्या. जाळीमागचं 25 हे 25 नव्हे. आणि ही किमान अट आहे, खुल्या मागच्या बाजूच्या मासेमारी बोटीला मी 38 पेक्षा कमी ठेवणार नाही. कॉकपिटचं पाणी झटपट निचरा होण्याबाबत आयएसओ 11812 हे छोट्या बोटींसाठीचं मानकही आहे. बोट नवी घेत असाल तर विक्रेत्याला ती त्यानुसार बांधली आहे का, हे विचारून ठेवा.

मोठं भोक पाडायला निघालात तर थांबा आणि पुढचा भाग वाचा.

डेक कोरडा, बिल्ज भरलेला

बोट बाहेर काढून किंवा अगदी शांत पाण्यात, स्कपरचं बाहेरचं तोंड बुचाने घट्ट बंद करा. मग वरून पाइपमध्ये आणि डेकच्या कोपऱ्यात खाण्याचा रंग मिसळलेलं पाणी भरा. अर्ध्या तासाने बिल्जमध्ये टॉर्चचा उजेड टाका. रंगीत थेंब जिथे दिसेल तिथून वर वर जात जा. गळती बहुतेक वेळा तीनपैकी एका जागी असते: पाइप आणि फिटिंगच्या जोडावर, फिटिंगच्या कडेखाली, किंवा डेकच्या जाडीत.

जोडावर असेल तर सगळ्यात सोपं. पाइपचं टोक कडक झालं असेल तर तेवढं कापून पुन्हा बसवा. पाण्याच्या रेघेजवळच्या प्रत्येक टोकाला 316 स्टेनलेसचे दोन क्लॅम्प लावा. क्लॅम्पचा पट्टा स्टेनलेस असला तरी त्याचा स्क्रू तसा नसतो असे स्वस्त क्लॅम्प येतात. लोहचुंबकाने स्क्रू तपासा.

फिटिंग पांढऱ्या साध्या प्लास्टिकचं असेल तर बाहेरची चकती नखाने दाबून बघा. ऊन खाल्लेलं प्लास्टिक खडूसारखं पावडर सोडतं, आणि चकतीच्या मुळाशी गोल भेग पडून ती एक दिवस अख्खी तुटून पडते. पाण्याच्या रेघेपाशी हे घडलं तर बोट बुडू शकते. अशा जागी काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचं किंवा ब्रॉन्झचं फिटिंग घाला. साधं पितळ खाऱ्या पाण्यात जस्त सोडून ठिसूळ होतं, ते नको. प्रत्येक फिटिंगजवळ योग्य मापाचं लाकडी बूच दोरीने बांधलेलं असू द्या. ते पाण्याच्या सगळ्यात मोठ्या लोंढ्यासाठी आहे, रोजच्या वापरासाठी नाही.

डेकच्या जाडीतली गळती सगळ्यात महाग पडते. अनेक फायबर बोटींचा डेक म्हणजे फायबरच्या दोन थरांमध्ये प्लाय किंवा बाल्सा लाकूड. भोक पाडताना त्या लाकडाची कड उघडी राहिली तर पाणी तिथून आत मुरत जातं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने स्कपरभोवती ठोकत जा. टणक, वाजता आवाज मंद आणि मऊ झाला की ओल तिथपर्यंत पोचली आहे. त्या जागेभोवती पेन्सिलने रेघ ओढा. किती भाग सडलाय हे त्या रेघेवरून समजतं. रेघ हातभर बाहेर गेली असेल तर सीलंटची नळी बाजूला ठेवा, डेकची दुरुस्ती वेगळी करायची आहे.

ओल कडेपुरती असेल, किंवा नवं भोक पाडायचं असेल, तर पद्धत एकच. भोक लागेल त्यापेक्षा 10-12 मिलिमीटर मोठं करा. आतल्या लाकडाची कड खरवडून पूर्ण कोरडी होऊ द्या, घाई केली तर सगळं वाया. कड आधी पातळ इपॉक्सीने भिजवा, मग घट्ट केलेल्या इपॉक्सीने भोक भरून टाका. ते कडक झालं की त्याच्या मधोमध नेमक्या मापाचं भोक पाडा. आता फिटिंगभोवती लाकूड नाही, इपॉक्सीचं कडं आहे. पुढे कधी सीलंट सुटलं तरी लाकडाला पाणी लागणार नाही.

सीलंटमध्ये साधं सिलिकॉन टाळा. फिटिंगच्या कडेला ते नीट धरत नाही, आणि एकदा लावलं की त्याचा पातळ थर मागे राहून दुसरं काही चिकटू देत नाही. पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइड वापरा, पण पॉलिसल्फाइड काही प्लास्टिकना खातं, म्हणून प्लास्टिक फिटिंगला ते चालतं का हे नळीवर वाचून घ्या. फिटिंग बसवताना नट पूर्ण आवळून सगळं सीलंट बाहेर काढू नका. हलकं आवळा, सुकू द्या, मग शेवटची पाव फेरी द्या.

पुढच्या बाजूला साचणारं पाणी

पाणी मागे नाही, पुढे किंवा एखाद्या खळग्यात साचत असेल तर स्कपरला दोष देऊ नका. बोट पाण्यात असताना डेकवर पाणसळ ठेवा. ट्रेलरवर किंवा स्टँडवर ठेवलेल्या बोटीचा ढाळ पाण्यातल्या ढाळापेक्षा वेगळा असतो, तिथलं माप धरू नका. ढाळ मागे नसेल तर वजन पुढे जास्त झालं आहे. ढाळ ठीक असूनही खळगा राहत असेल तर तिथे पाय ठेवून डेक लवतो का पाहा. लवत असेल तर पुन्हा ठोकून बघायचं.

बूच मारून निघणं

थांबलेल्या बोटीत पाणी येतंय म्हणून आतून बुचं मारायची सवय फार पसरलेली आहे. धक्क्याला बांधलेल्या, माणसांनी भरलेल्या बोटीत काही मिनिटं ते समजू शकतो. पण बुचं लावून समुद्रात जाऊ नका. एक लाट आत आली तर ती आतच राहील; तिच्या वजनाने मागची बाजू आणखी खाली जाईल, आणि दुसरी लाट काठावरून सहज आत येईल. बिल्ज पंप हे पाणी वेळेत काढू शकत नाही, शिवाय डेकचं पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. बुचाशिवाय बोट वापरता येत नसेल तर तिच्यावर वजन जास्त आहे, आणि माणसं किंवा सामान कमी केल्याशिवाय तिने धक्का सोडू नये.

बोट बांधून ठेवताना

डेकच्या प्रत्येक चौरस मीटरवर दर मिलिमीटर पावसाचं 1 लिटर पाणी पडतं. 50 मिलिमीटरचा पाऊस, 8 चौरस मीटरचा डेक, म्हणजे 400 लिटर. स्कपर एका प्लास्टिकच्या पिशवीने बंद झालं असेल तर एका रात्रीत 400 किलो वजन वाढतं, मागची बाजू खाली जाते, मग स्कपरचं तोंड पाण्याखाली जातं आणि पिशवी निघाली तरी पाणी बाहेर जात नाही. बांधलेल्या बोटी पावसाळ्यात बुडतात त्या बऱ्याचदा अशाच.

म्हणून बांधायच्या आधी जाळीवरचं सगळं उचला. डेकवर सुटा दोर, कापड, पिशवी, मऊ फोमचा तुकडा काही ठेवू नका. सुटी गोष्ट पाण्याबरोबर स्कपरकडेच जाते. बोटीची पुढची बाजू येणाऱ्या लाटांकडे करून बांधा, म्हणजे मागच्या तोंडांवर लाट आदळत नाही. सामान उतरवून ठेवता येत असेल तर मागच्या कप्प्यातलं आधी उतरवा. मग एक बादली पाणी डेकच्या पुढच्या टोकाला ओता आणि ते दोन्ही स्कपरमधून बाहेर पडताना बघा. एका बाजूने धार येते आणि दुसरीकडून नुसते थेंब, तर त्याच वेळी ते स्कपर उघडा. उद्यावर टाकलं आणि रात्री पाऊस आला तर काम दुप्पट होईल.

मापाच्या त्या दोन आकड्यांची नोंद बोटीच्या वहीत ठेवा, तारखेसह: काठापासून बाहेर पाण्यापर्यंत आणि काठापासून आत डेकपर्यंत, डावीकडे आणि उजवीकडे. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी तीच मापं, तेवढ्याच सामानासह घ्या. सामान तेच असून फरक 2 सेंटिमीटरने कमी झाला, तर डेकखाली कुठेतरी पाणी धरलं जातंय, आणि तपासणीचं झाकण उघडायची वेळ आली आहे.